तंगी आली नाही

बाई बोलणाऱ्याला मध्येच थांबवायच्या. उजव्या हाताचं पहिलं बोट वर, मान जराशी कलती, डोळे अर्धे मिटलेले. "थांब. पुन्हा म्हण." समोर कोण आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. भाजीवाली असो, विद्यापीठातला मोठा साहेब असो, नाहीतर दारात शिव्या देत उभा असलेला रिक्षावाला असो. तोंडातून एखादा वेगळा शब्द निसटला की बोट वर झालंच म्हणून समजा. मग पर्समधून चतकोर कागद निघायचा, शब्द टिपला जायचा आणि बाई विचारायच्या, "हा कुणाचा? आईकडचा की बापाकडचा?"

तो रिक्षावाला गार पडला. म्हणाला, "मावशी, शिवी बी कुणाकडची त्ये सांगू व्हय?"

"सांग की," बाई म्हणाल्या आणि कागद पुढे सरकवला.

आता तुम्ही म्हणाल, अशी माणसं आमच्याही गल्लीत आहेत. असतील. पण तुमच्या गल्लीत अशी एकेकटी असतील. आमच्याकडे जोडी होती.

राजारामपुरीत आमच्या गल्लीच्या तोंडाला माझं टायपिंगचं दुकान. नव्वदच्या सुमाराला मशीन होतं, पुढे कॉम्प्युटर घेतला, मग झेरॉक्स. माझं शिक्षण बारावी आणि टायपिंगच्या दोन परीक्षा. बाई पहिल्यांदा दुकानात आल्या त्या हातानं लिहिलेली सात पानांची यादी घेऊन. गावोगावच्या लोकांची वाक्यं होती. मी बघितलं तर सगळं अशुद्ध. 'न्हाय' काय, 'गेलतो' काय, 'व्हय' काय! मला दया आली. मी रात्रंदिवस एक करून 'न्हाय'चं 'नाही' केलं, 'गेलतो'चं 'गेलो होतो' केलं आणि सात पानं लखलखीत करून हातात दिली.

बाईंनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, चष्मा काढला. "किती गं कष्ट घेतलेस," म्हणाल्या. "आता सगळं परत अशुद्ध कर."

तिथून आमची गट्टी जमली ती जमलीच.

बाई आणि त्यांचे यजमान, आमचे सर, दुकानासमोरच्या माडीवर राहायचे. दोघंही विद्यापीठात शिकवायचे. बाई भाषा, सर इतिहास. बाईंचं सगळं काम कानाचं. कुठल्या गावात कशाला काय म्हणतात, मराठी कुठं संपते आणि कानडी कुठं सुरू होते, हे त्या फिरून फिरून ऐकायच्या. सरांचं काम कागदाचं. जुनी दप्तरं, मोडीतली पत्रं, सनदा. माणसाच्या तोंडावर सरांचा काडीचा विश्वास नव्हता. माझ्या मुलीच्या वाढदिवसाचा पेढा घेऊन गेले, तर पेढा हातात धरून विचारतात, "दाखल्यावर हीच तारीख हाय काय?" अहो, मी बाळंत झालेय त्या दिवशी, मला ठाऊक नाही?

बाईंना मोडी येत नव्हती आणि सरांना कानडी. तीस वर्षांच्या संसारात दोघांनी एकमेकांकडून तेवढं सोडून सगळं घेतलं. शिका की, असं मी म्हणायची. बाई म्हणायच्या, "घरात एक मोडीवाला आहे, दुसरा कशाला?" सर म्हणायचे, "आणि कानडीवाली बी हाय." म्हणजे विषय मिटला.

सर शाहूवाडीकडचे, भात पिकवणारं मराठ्याचं घर. बाई गडहिंग्लजच्या खाली, सीमेला टेकलेल्या एका गावच्या. लिंगायत, कापडाचं मोठं दुकान, घरात कानडी आणि दुकानात मराठी. तरुणपणी बाई शाहूवाडीला भातशेतीचे शब्द गोळा करायला गेल्या. एका घरात म्हातारी शब्द सांगत होती आणि सुट्टीला आलेला तिचा शिकलेला मुलगा मध्ये मध्ये तिच्या चुका काढत होता. बाईंनी त्याला सांगितलं, तुम्ही गप्प बसा, मला तुमची आई हवी आहे. शेवटी दोघंही मिळाली. शब्द गोळा करायला गेलात आणि नवरा घेऊन आलात, असं मी तोंडावर म्हणायची. बाई म्हणायच्या, "शब्द पण भरपूर मिळाले हो."

हसून सांगायच्या, पण त्या लग्नाची दुसरी बाजूही होती. बाईंचे वडील त्या लहान असतानाच गेले होते. पंधरा वर्षांनी मोठ्या भावानं, अण्णांनी, त्यांना वाढवलं, कोल्हापूरला ठेवून शिकवलं. लग्नाचं कळल्यावर अण्णा म्हणाले, "तुझ्या पायानं जातीयास, तुझ्या पायानंच परत ये. मी बोलवायला येणार न्हाई." बाई पण त्याच रक्ताच्या. त्या म्हणाल्या, "तू न्यायला आल्याशिवाय मी बी येणार न्हाई." झालं. दोन धोंडे. ना तो हलला, ना ही.

त्यांच्या बाजूला नागपंचमी म्हणजे लेकीबाळींचा सण. भाऊ बहिणीला न्यायला जातो, झाडाला झोके बांधतात, लाह्या फुटतात, तंबिटाचे लाडू होतात. त्या दिवशी बाई कुणाशी धड बोलायच्या नाहीत. मला हे ठाऊक नव्हतं. एका पंचमीला मी वाटीभर लाह्या घेऊन वर गेले, तर बाईंनी वाटी घेतली आणि तशीच ओट्यावर ठेवली.

"भावानं टाकलेल्या बाईला पंचमी नसते गं," म्हणाल्या. "त्याच्या लेखी मी मेले. मेले असते तर निदान आठवण तरी काढली असती."

मी जिना उतरून आले आणि दिवसभर माझं टायपिंग चुकत होतं.

अण्णा गेल्याचं पत्र आलं ते सगळं आवरल्यावर. बाई रडल्या नाहीत. त्यांनी घरातले सगळे पडदे काढून धुतले, वाळत घातले, परत लावले. पुढच्या महिन्यात त्यांचा भाचा आला. चांगला, गरीब स्वभावाचा माणूस. दारात एक पोतं ठेवून उभा राहिला. "अण्णांच्या वह्या हायत," म्हणाला. "रोजच्या रोज लिवत होते. जुन्या वाळवीनं खाल्ल्या, ह्या तेवढ्या ऱ्हायल्यात. मोडी हाय, आमाला काय वाचाय येत न्हाई. अव्वा म्हणाली, पावण्यास्नी दे." अव्वा म्हणजे त्याची आई, बाईंची वहिनी.

सरांचे डोळे चमकले. इतिहासवाल्याला वह्यांचं पोतं म्हणजे काय विचारता! बाई मात्र तिथल्या तिथे म्हणाल्या, "काय वाचायचं ते वाचा. मला त्यातलं एक अक्षर सांगायचं नाही. मी त्यात नाही, मला माहीत आहे."

आणि खरंच नव्हत्या. सरांनी सगळ्या वह्या पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या. एके दिवशी दुकानात आले, स्टुलावर बसले आणि हळूच म्हणाले, "तिचं नाव एकदाबी न्हाई गं. गाईचं नाव हाय, कुत्र्याचं हाय. हिचं न्हाई." बाईंना हे सांगायचं नाही असं आमचं ठरलं. माझा त्या मेलेल्या माणसावर असा राग उठला म्हणता!

सर तेव्हा निवृत्त झाले होते आणि दोन्ही घरांचा इतिहास लिहायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. शाहूवाडीचं घर आणि सीमेवरचं घर, एका पुस्तकात. बाईंनी स्वतःच्या घराबद्दल एक ओळ सांगायला नकार दिला. पण सासरच्या भागाची प्रत्येक ओळ तपासली. सर लिहायचे, मी टाइप करायची, बाई प्रूफं बघायच्या. सीमेवरच्या घराचं प्रकरण आलं की बाई ती पानं उलटी करून ठेवायच्या.

त्या प्रकरणासाठी सरांना वह्यांतून एक गोष्ट सापडली होती. रोजच्या नोंदी साध्याच. पाऊस पडला, अमका आला, गाय व्याली. पण दर वर्षी नागपंचमीला एकच ओळ. 'आज पंचमी. तंगी आली नाही.' पुढच्या वर्षी तीच. त्याच्या पुढच्या वर्षी तीच. तीस वर्षांच्या आसपास, एक पंचमी चुकलेली नाही.

सर त्या ओळीनं झपाटले. मला समजावून सांगायचे, मला कळो न कळो. "श्रावण म्हणजे काय? मागचं धान्य संपल्यालं, नवीन पिकायचं असतंय. तंगीचा म्हयना. आता ज्या घरात कधी कशाची ददात न्हवती, त्यो माणूस दर श्रावणात तंगी आली न्हाई असं का लिवील? भ्या! लहानपणी कवातरी जबरदस्त तंगी बघितली असणार त्येनं." एकदा म्हणाले, "आमच्या घरात श्रावणात भात संपायचं. आई नाचणीची आंबील आमाला वाढायची आणि आपुण जेवलोय म्हणायची. मला आयुष्यभर वाटलं, ह्या कापडवाल्यांना भूक काय ठाऊक, म्हणून आमाला हलकं लेखलं. ती बी आमच्यासारखीच होती गं." सरांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. अण्णांना त्यांनी त्या दिवशी माझ्या दुकानात माफ करून टाकलं.

बावीस पानांचं प्रकरण झालं. नाव 'टंचाईची छाया'. त्यातलं एक वाक्य टाइप करताना मला फार आवडलं होतं: 'जो माणूस दर वर्षी तंगी आली नाही असे लिहून ठेवतो, तो वर्षभर तिच्या धास्तीत असतो.' मी सरांना म्हटलं, हे एक नंबर झालंय. सर दिवसभर खूश होते.

छापखान्याची घाई सुरू झाली आणि नेमकं त्याच आठवड्यात सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्याला पट्टी. आता हस्तलिखिताशी प्रूफ ताडून कोण बघणार? त्यात एकानं हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं टाइप केलेल्या पानावर पेन्सिल धरून जुळवत जायचं. सरांचं अक्षर वाचणारी कोल्हापुरात मी एकटी. मग पेन्सिल धरायला बाईंशिवाय उरलं कोण? आणि राहिलेलं प्रकरण नेमकं तेच.

"मी फक्त अक्षरं बघीन," बाई म्हणाल्या. "अर्थाकडे लक्ष देणार नाही."

"लक्ष द्या नाहीतर देऊ नका, पेन्सिल तेवढी धरा," मी म्हटलं.

मी भराभर वाचत सुटले. पूर्णविराम, स्वल्पविराम, सगळं तोंडानं म्हणत. वाचता वाचता जीभ आपल्या वळणावर जातेच. "आज पंचमी पूर्णविराम. तंगी आली न्हाई पूर्णविराम."

बोट वर झालं.

"थांब. पुन्हा म्हण."

मला वाटलं, माझ्या 'न्हाई'ला पकडलं. मी नीट म्हटलं, "नाही. तंगी आली नाही."

"ते नव्हे. मघाशी म्हणालीस तसं म्हण."

"आज पंचमी. तंगी आली न्हाई."

"पुढच्या वर्षी काय आहे?"

"तेच."

"त्याच्या पुढच्या?"

"तेच हाय बाई. सगळ्या वर्षी तेच हाय." माझा आवाज आपोआप बारीक झाला होता. बाईंचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "अगं, ही टंचाई नव्हे," म्हणाल्या. "आमच्यात कानडीत धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात. अण्णानं मला नावानं कधी हाक मारली नाही. तंगी म्हणायचा. तंगी म्हणजे मी."

आणि बाई रडल्या. माझ्या दुकानात, स्टुलावर बसून, पदर तोंडाला न लावता, मोठ्यानं. झेरॉक्सला आलेलं गिऱ्हाईक आल्या पावली परत गेलं. मी त्यांच्या पाठीवर हात फिरवत होते आणि मीही रडत होते, त्यात लपवायचं काय? रडता रडता त्या भावाला शिव्या देत होत्या. "वाट बघत होतास तर यायचं की रे! दोन तासांचा तर रस्ता! दर पंचमीला वहीत लिहीत बसलास, एक कार्ड टाकायला काय झालं होतं तुला?" मग चष्मा काढला. "मी तरी कुठं टाकलं," म्हणाल्या.

डोळे पुसून उठल्या आणि तडक घराकडे निघाल्या. मीही दुकानाचं दार ओढून मागोमाग गेले. असा प्रसंग कोण सोडतंय!

सर पलंगावर पट्टी बांधून पडले होते. बाईंनी उंबऱ्यातूनच विचारलं, "माझा प्रबंध तुम्ही वाचलाय ना?"

"व्हय की," सर म्हणाले. "लग्नाच्या आधीच वाचला."

"सगळा?"

"सगळा."

"तिसरं प्रकरण कशावर आहे?"

सरांनी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं.

"नात्यांच्या शब्दांवर आहे! सीमाभागातले नात्यांचे शब्द! त्यात तंगी आहे, अर्थासकट आहे, उदाहरणासकट आहे! तीस वर्षं वाचलाय म्हणून सांगताय मला!"

"चाळला होता," सर पुटपुटले. "त्या वक्ताला प्रबंध बघत होतो का तुला बघत होतो?"

दुसरी कुणी असती तर विरघळली असती. बाई म्हणाल्या, "प्रबंध बघायला हवा होतात." मग त्यांच्या शेजारी बसून त्यांनी सगळं सांगितलं. सरांना समजायला वेळ लागला नाही. शिकलेलं डोकं, आणि इतक्या दिवसांत ती ओळ पाठच झालेली.

"म्हणजे तू दर पंचमीला हुतीस त्यात," सर म्हणाले, "आणि मी तुला टंचाई म्हणून छापाय निघालो हुतो." पट्टी ओली व्हायला लागली. डॉक्टरांनी डोळ्याला पाण्याचा थेंब लागू देऊ नका म्हणून बजावलं होतं. मी ओरडले, "सर, डोळा!" तर दोघंही हसायला लागले.

बावीस पानं गेली. छापखानेवाल्यानं कपाळाला हात लावला. सरांना ते सगळं प्रकरणच फाडून टाकायचं होतं, शरमेनं. बाईंनी ते पहिल्यांदा नीट बसून वाचलं आणि मला आवडलेलं ते वाक्य तेवढं ठेवलं. त्यातला 'तिच्या धास्तीत असतो' हा तुकडा पेन्सिलीनं खोडला आणि वर लिहिलं, 'तिची वाट बघत असतो.' बाकी प्रकरण त्यांनी स्वतः सांगितलं. तीन दिवस त्या बोलत होत्या, सर विचारत होते आणि मी टाइप करत होते. अण्णा खांद्यावर बसवून जत्रेला कसे न्यायचे, कोल्हापूरला सोडायला आले तेव्हा होस्टेलच्या दारात कसे उभे राहिले, सगळं. सरांनी कागद आहे काय म्हणून एकदाही विचारलं नाही.

पुस्तक झालं. पण बाईंचं खरं दुखणं वेगळंच होतं. पंचमी जवळ आली होती. मी म्हटलं, जावा की आता. तर म्हणाल्या, "कसं जायचं? न्यायला कोण आलंय? आपल्या पायानं गेले, म्हणजे तोच जिंकला की."

"त्यो दर वर्षी हरलाय," सर म्हणाले. "हरला म्हणून लिवूनबी ठेवलंय. तू एकदा हर."

बाई निघाल्या. मला म्हणाल्या, तूही चल, मला दाराशी काही बोलता नाही आलं तर. मी म्हटलं, तुम्हाला? बोलता नाही येणार? गडहिंग्लजपर्यंत एस.टी. आणि पुढे वडाप. त्या वडाप जीपमध्ये पंचमीला माहेरी निघालेल्या पोरी एकमेकींच्या मांडीवर बसलेल्या, नुसता कलकलाट. कानडी, मराठी, सगळी भेळ. बाईंनी एकही शब्द टिपला नाही. हातातली पिशवी घट्ट धरून बसल्या होत्या.

आणि खरंच दाराशी बाईंना तोंड उघडता आलं नाही. सोप्यात वहिनी सुपात लाह्या पाखडत बसलेल्या. त्यांनी वर बघितलं. "कोण पायजे?" बाईंनी नुसती पिशवी छातीशी धरली. सभा गाजवणारी बाई ती!

सर पुढे झाले. "तंगी आलीया," म्हणाले.

सूप कलंडलं. वहिनी उठल्या, जवळ आल्या, बाईंच्या तोंडाकडे बघितलं आणि फाडकन म्हणाल्या, "आत्ता आलीस व्हय? ह्येनी गेल्यावर? दर पंचमीला दारात खुर्ची टाकून बसायचे. जेवा म्हटलं तर थांब म्हणायचे. तवा का न्हाई आलीस?" बाईंनी मान खाली घातली. वहिनींनी तीच मान दोन्ही हातांनी धरून आपल्या खांद्यावर घेतली. "वळग बा," म्हणाल्या. आत ये.

जेवणं झाल्यावर वहिनींनी फडताळातून एक वही काढली. अण्णांची शेवटची, अर्धी कोरी. ती त्यांनी पोत्यात घातली नव्हती. सरांपुढे धरून म्हणाल्या, "लिवा पावणं. आली म्हणून लिवा."

सर मागे सरकले. "वैनी, दुसऱ्याच्या मूळ वहीत हात घालायचा नसतोय. पेन्सिलीची रेघबी मारायची नसती. त्यो पुरावा असतो." वहिनींना काही कळलं नाही. बाईंनी सरांच्या खिशातलं पेन काढलं, वही ओढून घेतली आणि कानडीत एक ओळ लिहिली. मग भाच्याच्या बायकोनं हाक मारली आणि बाई त्या वयात, पांढऱ्या केसांनी, मागच्या चिंचेच्या झोक्यावर जाऊन बसल्या. गावातल्या पोरी झोका देत होत्या आणि बाई ओरडत होत्या, "हळू गं, मेल्यांनो!" सर लांबून बघत होते. इतके सुखी मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

पुढे दर पंचमीला दोघं जायची. निघायच्या आदल्या दिवशी भाचा यायचा, न्यायला. बाईंनी कुणाला सांगितलं नव्हतं, वहिनीच धाडायच्या. बाई सकाळपासून पिशवी भरून गॅलरीत उभ्या. मी खालून विचारायची, "काय बाई, आलं का बोलावणं?" आणि त्या गल्लीभर ऐकू जाईल असं सांगायच्या, "भाचा येतोय न्यायला!" दर वर्षी परत आल्या की माझ्यासाठी तंबिटाचे लाडू असायचे. ते दगडासारखे लागायचे, पण मी खायची.

असं सात-आठ वर्षं चाललं. मग एका उन्हाळ्यात बाई गेल्या. दुपारी आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. आमची गल्ली त्या दिवशी बोलायचीच विसरली. मला आजही कुणाच्या तोंडून एखादा जुना शब्द ऐकला की सांगायला वर जावंसं वाटतं. जिन्यापर्यंत जाते पण.

त्या वर्षी पंचमीच्या दिवशी सर सकाळी दुकानात आले. अंगावर धुतलेलं धोतर, हातात बाईंची पिशवी. "येतीस?" एवढंच म्हणाले. मी शटर ओढलं.

भाचा वडापच्या थांब्यावर आला होता. वाटेत खालच्या आवाजात म्हणाला, "अव्वाला आता दिसत न्हाई फारसं. आणि इसरती. आत्या गेली म्हणून कितींदा सांगितलं, तेवढ्यापुरती रडती, परत इचारती. तुमी मनाला लावून घेऊ नगासा."

वहिनी सोप्यात बाजेवर बसल्या होत्या. अगदी एवढ्याशा झालेल्या. पावलांचा आवाज ऐकून त्यांनी मान वर केली. "पावणं व्हय?"

"व्हय, वैनी."

"आणि तंगी? आली न्हवं?"

भाचा खाली वाकला. "अव्वा, तुला सांगितलं न्हवं..." सरांनी हात करून त्याला गप्प केलं. वहिनींच्या पायाशी सतरंजीवर बसले आणि म्हणाले, "वही आणा."

भाच्यानं फडताळातून वही आणून दिली. सरांनी पानं उलटली. बाईंच्या कानडी ओळी एकेक करून गेल्या. सरांना कानडी वाचता येत नव्हती, तरी प्रत्येक ओळीवर थांबत होते. कोरं पान आलं. त्यांनी खिशातलं पेन काढलं, टोपण काढलं आणि मोडीत एक ओळ लिहिली.

पेनाचा आवाज वहिनींना ऐकू आला असावा. "काय लिवलासा?"

"आज पंचमी," सरांनी वाचून दाखवलं. "तंगी आली."

"मग हुबी का ती?" वहिनी म्हणाल्या. "लांबनं आलीया. पान वाढा की तिला."

भाचा माझ्याकडे बघायला लागला. मी उठले, आत जाऊन मांडलेल्या पानांशेजारी आणखी एक पान मांडलं आणि पाण्याचा तांब्या भरून ठेवला. सर हात धुऊन आले आणि त्या पानाशेजारी जेवायला बसले.